कर्म, ‘कर्मा’ आणि न्यूटनचा तिसरा नियम

प्रश्न असा आला आहे : ‘क्रियेइतकीच प्रतिक्रिया’ हा न्यूटनचा नियम म्हणजेच आपला कर्मसिद्धान्त, असे म्हणणे बरोबर आहे का, आणि लिहिताना ‘कर्माचा नियम’ असा शब्दप्रयोग करावा का?

प्रथम एका गोष्टीचा निकाल लावू. ‘त्याचा कर्मा त्याला भोवला’, ‘कर्मा परत येतोच’ ही वाक्ये अलीकडे इतकी कानांवर आदळतात, की इंग्रजीत जाऊन शेवटी ‘आ’ चिकटवून परत आलेला हा पुल्लिंगी पाहुणा मराठीत कायमचा मुक्काम ठोकणार, अशी भीती वाटते. मराठीत ते कर्म आहे, नपुंसकलिंगी आहे, आणि ते ‘परत येत’ नाही. ते भोगावे लागते. कृ धातू, काम, धार्मिक विधी, व्याकरणातले कर्म, दैव हे अर्थ कोणत्याही कोशात मिळतील, म्हणून ते सोडून देतो.

आता न्यूटन. १६८७ साली ‘प्रिन्सिपिया’त मांडलेला तिसरा नियम दोन वस्तूंविषयी आहे. पुस्तक मेजाला दाबते त्याच क्षणी, तेवढ्याच बलाने मेज पुस्तकाला वर रेटते. क्रिया एका वस्तूवर, प्रतिक्रिया दुसरीवर, आणि दोन्ही एकाच वेळी. कर्मसिद्धान्तात यातले काहीही नाही : फळ कर्त्यालाच मिळते, आणि ते उशिरा, कदाचित पुढच्या जन्मी मिळते. संचित आणि प्रारब्ध हे शब्द जन्मले तेच मुळी या उशिरामुळे. मीमांसकांची, म्हणजे वेदांतल्या यज्ञविधींचा अर्थ लावणाऱ्या दार्शनिकांची, सारी धडपडही याच अडचणीपायी होती. यज्ञ आज संपला आणि स्वर्ग मात्र मरणानंतर मिळायचा, तर मधल्या काळात त्या यज्ञाचे काय होते? उत्तरादाखल त्यांनी ‘अपूर्व’ नावाची एक न दिसणारी शक्ती कल्पिली. प्रतिक्रिया क्रियेच्या क्षणीच मिळत असती, तर अपूर्वाची गरजच पडली नसती.

शब्दांच्या अभ्यासकाला खरा आनंद देणारी गोष्ट मात्र वेगळीच आहे. कर्म हा शब्द आपल्याकडे एकेकाळी उघडउघड भौतिकशास्त्राचा पारिभाषिक शब्द होता. कणादाच्या वैशेषिक दर्शनात कर्म म्हणजे गती. तिचे प्रकार पाच : उत्क्षेपण, अवक्षेपण, आकुंचन, प्रसारण आणि गमन. पाप-पुण्याचा त्यात मागमूस नाही. वर फेकणे आणि खाली टाकणे एवढेच. वैशेषिक सूत्रांच्या पाचव्या अध्यायात ‘संयोगाभावे गुरुत्वात् पतनम्’, म्हणजे आधार सुटला की गुरुत्वामुळे पडणे, असे स्वच्छ सूत्र आहे. त्याच अध्यायात बाणाचेही विवेचन येते : प्रत्यंचेच्या रेट्याने, म्हणजे नोदनाने, बाणाचे पहिले कर्म घडते, त्या कर्मातून बाणात ‘संस्कार’ उत्पन्न होतो आणि पुढची कर्मे त्या संस्काराने होत राहतात.

मुलांवर करायचे ते संस्कार इथे सुटलेल्या बाणात आहेत! वैशेषिक दर्शनाचा भाष्यकार प्रशस्तपाद याने पुढे या संस्काराचे तीन प्रकार सांगितले. बाणासारख्या मूर्त द्रव्यात असतो तो वेग. आत्म्यात असते ती भावना, म्हणजे पूर्वानुभवाचा ठसा, ज्यातून स्मृती उद्भवते. तिसरा प्रकार स्थितिस्थापक : वाकवलेले धनुष्य, खाली ओढलेली फांदी, गुंडाळलेले वस्त्र यांना पूर्वस्थितीत आणणारा. शाळेच्या विज्ञानाच्या पुस्तकात आपण ‘स्थितिस्थापकता’ पाठ केली, ती ज्या शब्दावरून आली तो आठवणीचा सख्खा भाऊ आहे, हे आपल्याला कोणी सांगितले नाही. वैशेषिकांनी धर्म आणि अधर्म, म्हणजे पुण्य आणि पाप, यांना मात्र संस्कारात न घालता स्वतंत्र गुण मानले, हे त्यांच्या काटेकोरपणाला शोभणारेच होते. तरीही केलेल्या कृतीचा ठसा उरतो आणि पुढची हालचाल त्या ठशातून होते, हा विचार बाणाला आणि मनाला एकाच शब्दाने लावणारी भाषा हाताशी असताना आपण न्यूटनकडे उसनवारी करायला का जातो, हे मला उमगत नाही.

याच्या जोडीला ‘अदृष्ट’ घ्या. लोहचुंबकाकडे सुई सरकते, अग्नीची ज्वाला वर जाते, अणूंचे आद्य कर्म घडते. या सर्वांचे कारण वैशेषिक सूत्रकार ‘अदृष्ट’, म्हणजे न दिसणारे, असे देतात. मराठीत अदृष्ट म्हणजे नशीब, आणि नैयायिकांच्या, म्हणजे न्याय दर्शनाच्या पंडितांच्या, परिभाषेत अदृष्ट म्हणजे आत्म्यात साठलेले धर्म-अधर्म. माझे मत, आणि ते अनेकांना रुचत नाही, असे की अदृष्ट हे नियमाचे नावच नव्हे. दिसणारे कारण जिथे संपते तिथे प्रामाणिकपणे लावलेली ती पाटी आहे. चुंबकाला पुढे शास्त्र मिळाले आणि ती पाटी तिथून उतरली. नैतिक फळांवर ती अजून आहे.

राधाकृष्णन यांनी कर्माला नैतिक ऊर्जेच्या अक्षय्यतेचा नियम म्हटले. ही तुलना तिसऱ्या नियमापेक्षा नक्कीच सरस आहे, कारण ‘कृतनाश’ आणि ‘अकृताभ्यागम’, म्हणजे केलेले वाया जाणे आणि न केलेले पदरी पडणे, हे दोन दोष टाळण्यासाठीच आपल्या दार्शनिकांनी कर्मफळ मानले. पण ती पुरती टिकत नाही. ऊर्जा रूप बदलते, नष्ट होत नाही. उलट गीता चौथ्या अध्यायात ज्ञानाग्नी सर्व कर्मे भस्मसात करतो असे म्हणते, आणि धर्मशास्त्रात प्रायश्चित्तांची मोठीच सोय आहे. ऊर्जेच्या हिशेबात प्रायश्चित्ताला रकाना नाही. शिवाय ऊर्जेला ज्यूल आहे तसे माप कर्माला आजवर कोणी दिलेले नाही, आणि माप नसलेल्या गोष्टीला शास्त्रीय नियम म्हणणे हे शास्त्राला आणि कर्माला दोघांनाही अवघड जागी बसवणे आहे.

राहिला ‘कर्माचा नियम’ हा शब्दप्रयोग. तो रूढ होण्यात १८७५ साली स्थापन झालेल्या थिऑसॉफिकल सोसायटीच्या लेखनाचा मोठा वाटा आहे. आपल्या परंपरेत कर्म आपोआप फळते की फळ देणारा कोणी आहे, यावर एकमत कधीच नव्हते. वेदान्ताचा मूळ ग्रंथ असलेल्या ब्रह्मसूत्रांच्या तिसऱ्या अध्यायात मीमांसक जैमिनीचे मत धर्मच, म्हणजे कर्माचे पुण्यच, फळ देतो असे नोंदवले आहे, तर सूत्रकार बादरायण ‘फलमत उपपत्तेः’ (फळ याच्याकडूनच, कारण तेच युक्तीला धरून आहे) म्हणून ते ईश्वराकडे सोपवतात. दाता मानला की ‘नियम’ हा शब्द लंगडा पडतो. म्हणून ‘कर्मसिद्धान्त’ लिहावे, किंवा त्याहून नेमके हवे असेल तर ‘कर्मविपाक’. विपाक म्हणजे पिकणे. त्यात उशीर आपसूक येतो. टिळकांनी १९१५ च्या गीतारहस्यात एका प्रकरणाच्या नावातच हा शब्द घेतला आहे, तेव्हा तो जड आहे ही तक्रार मी ऐकून घेणार नाही.