तत्त्वज्ञानाच्या विद्यार्थ्याने आकारिक तर्कशास्त्र कसं शिकावं? चिन्हांची भीती वाटते.

तुम्ही लिहिलंय की एम.ए.ला तत्त्वज्ञान घेतलंय, गणित दहावीनंतर सुटलं आणि चिन्हांचं पान उघडलं की धडकी भरते. लातूरला बी.ए. करताना मीही नेमका इथेच अडकलो होतो, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

आधी गणिताची धास्ती सोडा. सुरुवातीच्या तर्कशास्त्रात आकडेमोड जवळपास नाहीच. आणि, किंवा, नाही, जर-तर हे शब्द नेमकं काय काम करतात, एवढंच पाहायचं असतं.

मला सगळ्यात जास्त छळलं ते जर-तरच्या सत्यता कोष्टकाने, म्हणजे सुटे भाग सत्य-असत्य असताना अख्खं विधान केव्हा सत्य ठरतं ते दाखवणाऱ्या तक्त्याने. पूर्वांग, म्हणजे 'जर'चा भाग, असत्य असताना अख्खं विधान सत्य कसं? चार ओळी पाठ केल्या, पण पटेना. शेवटी शेतातल्या आखाड्यावर बसून वडिलांचंच वाक्य वहीत लिहिलं : 'मृगात पाऊस झाला तर सोयाबीन पेरतो.' पाऊस झाला, पेरलं; शब्द पाळला. पाऊस झाला, पेरलं नाही; शब्द मोडला. पाऊसच झाला नाही आणि रान तसंच राहिलं. त्यांना खोटं कोण म्हणेल? पाऊस नाही, पण विहिरीच्या पाण्यावर पेरलं. तरी शब्द मोडला नाही, कारण पाऊस नसेल तर काय करणार हे ते बोललेच नव्हते. चारातली एकच ओळ असत्य. ते कोष्टक मला पुन्हा पाठ करावं लागलं नाही. (रोजच्या बोलण्यातलं प्रत्येक जर-तर या साच्यात बसत नाही, त्यावर तत्त्वज्ञांमध्ये मोठा वाद आहे. तूर्त हाच अर्थ धरून चाला.)

आता त्याच वाक्यात एक 'च' घाला : 'पाऊस झाला तरच पेरतो.' दिशाच उलटली! आता पेरलेलं दिसलं की पाऊस झाला असणार, असं म्हणता येतं. पाऊस झाला म्हणजे पेरलंच असेल, असं म्हणता येत नाही. विहिरीच्या पाण्यावर पेरण्याची ती ओळ आता असत्य होते. माझ्या निम्म्या चुका या 'च'पाशी व्हायच्या. 'पण' दिसला तर अडू नका, त्याला 'आणि'चंच चिन्ह.

दुसरी अवघड जागा म्हणजे वैधता. हा युक्तिवाद पाहा : मांजरा धरण आटलं तर लातूरच्या नळाला पाणी येत नाही; नळाला पाणी आलं नाही; म्हणून धरण आटलं. 2016 मध्ये शहराला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावं लागलं, तेव्हा ही तिन्ही वाक्यं खरी होती. तरीही युक्तिवाद अवैधच. भरल्या धरणाच्या वर्षीही जलवाहिनी फुटली की नळ कोरडा राहतो, म्हणजे आधारविधानं (इथली पहिली दोन वाक्यं) सत्य आणि निष्कर्ष असत्य असं होऊ शकतं. वाक्यं खरी आहेत का, हा प्रश्न वेगळा आणि निष्कर्ष त्यांच्यातून निघतोच का, हा वेगळा. न्यायदर्शनात, म्हणजे अनुमानाचा बारकाईने विचार करणाऱ्या भारतीय दर्शनात, हीच जागा तापलेल्या लोखंडाच्या गोळ्याने दाखवतात : धूर तिथे अग्नी असतो, पण गोळ्यात अग्नी असून धूर नाही, म्हणून अग्नीवरून धुराचं अनुमान करता येत नाही. भारतीय तत्त्वज्ञानाच्या पेपरचा अभ्यास करताना हे उदाहरण शेजारी ठेवा, दोन्ही विषय सोपे होतील.

कोष्टकं हाताने भरा, पण तीन विधानांना 8 ओळी लागतात, चारांना 16, पाचांना 32. तिथे थांबा आणि उलट पद्धत घ्या. निष्कर्ष असत्य धरायचा, आधारविधानं सत्य धरायची. कुठल्याही वाटेने गेलं तरी विसंगतीच आली, तर युक्तिवाद वैध. 'सर्व' आणि 'काही'ची चिन्हं त्यानंतर.

सिद्धता, म्हणजे आधारविधानांपासून नियमांनी एकेक पायरी करत निष्कर्षापर्यंत जाणं, मात्र नुसती वाचून येत नाही. सोडवलेलं उदाहरण झाकून ठेवा, निष्कर्षापासून मागे या, हे मिळायला आधी काय हातात हवं ते समासात लिहा, आणि अर्धा तास अडल्याशिवाय उत्तर उघडू नका. अडलेली सिद्धता खाली प्रतिक्रियेत टाका, मी पाहीन.