कृपादान शोधताय?

बाप्तिस्मा होऊन सहा महिने झाले, तरी आपलं कृपादान, म्हणजे सेवेसाठी देवानं दिलेली देणगी, कोणतं ते कळत नाही म्हणून तू खट्टू आहेस. अरे, इतकी घाई कशाला? आधी बायबलमधल्या पौलाच्या पत्रांतले १ करिंथ १२ आणि रोम १२ हे अध्याय शेजारी ठेवून वाच. पहिल्यात निरोगी करणं, अन्य भाषा (आत्म्याच्या प्रेरणेनं न शिकलेल्या भाषेत बोलणं). दुसऱ्यात सेवा, शिकवणं, दया करणं, सढळ हातानं देणं. दोन्ही याद्या सारख्या नाहीत. त्यामुळे दानं ओळखायच्या प्रश्नावलीच्या फॉर्मवर टिकमार्क करून दान सापडेल असं मला वाटत नाही.

काम करून बघ. इथे इंदूरला आमच्या मराठी मंडळीत, म्हणजे चर्चमध्ये, मला उपदेशच करायचा होता. दोनदा केला, लोक जांभया देत होते! पण एम. वाय. हॉस्पिटलमध्ये आजाऱ्यांपाशी बसलो की ते मोकळं बोलायचे. ते दान माझ्याआधी पाळकबाईंनी ओळखलं. तूही तुझ्या पाळकांना, घरच्यांना विचार.

ख्रिस्ती कवी ना. वा. टिळकांना कविता येत होती, ती त्यांनी भजनांत ओतली. तुला तबला येतो ना? रविवारी घेऊन ये. आणि अन्य भाषांवरून कोणी वाद घातला, तर १ करिंथचा प्रीतीवरचा अध्याय १३ वाचून मगच तोंड उघड.