कोल्हापूरसारख्या छोट्या विमानतळावर एवढा खर्च करणं खरंच परवडतं का?

तुमचा प्रश्न रास्त आहे. उजळाईवाडीला, म्हणजे आपल्या विमानतळावर, आधी धावपट्टी वाढवली, मग नवं टर्मिनल बांधलं, आता धावपट्टी परत वाढवायचं चाललंय, आणि दिवसाची विमानं मात्र बोटांवर मोजावी इतकीच. हाच पैसा कोकणात उतरणाऱ्या नियोजित कोल्हापूर-वैभववाडी रेल्वेला दिला असता तर, असंही तुम्ही विचारलंय. मी गोकुळ शिरगावात छोटा कारखाना चालवतो, म्हणजे विमानतळाचा शेजारीच. तेव्हा मी अगदी तटस्थ आहे असं समजू नका. तरीही सांगतो: धावपट्टीवरचा खर्च माझ्या मते वसूल झाला, टर्मिनलवरचा अजून व्हायचाय, आणि पुढच्या विस्ताराबद्दल गावातले बरेच लोक जितके उतावीळ आहेत तितका मी नाही.

आधी धावपट्टी, कारण खरा खेळ तिथेच आहे. आपली जुनी धावपट्टी १३७० मीटरची होती. विमानतळ राजाराम महाराजांच्या काळातला. तेव्हाच्या विमानांना एवढी लांबी खूप होती. आजचं सत्तर-बहात्तर आसनांचं एटीआर विमान एवढ्या पट्टीवर उतरतं, पण पूर्ण भरून उडवायचं म्हटलं की अडचण येते. त्यातून उजळाईवाडी समुद्रसपाटीपासून सुमारे ६०० मीटर उंचावर. उंचीवर हवा विरळ असते, एप्रिल-मेच्या उन्हात ती आणखी विरळ होते, आणि विरळ हवेत विमानाला उचल घ्यायला जास्त पळावं लागतं. पट्टी कमी पडली की कंपनीपुढे दोनच मार्ग उरतात: इंधन कमी भरा, नाहीतर माणसं आणि सामान कमी न्या. सत्तरातल्या पंधरा-वीस खुर्च्या मुद्दाम रिकाम्या ठेवून कोणतीही कंपनी तो मार्ग फार काळ चालवत नाही. बाहेरून आपल्याला एवढंच कळतं की 'सेवा बंद झाली'. मग कोण नेत्यांना शिव्या घालतं, कोण कंपनीला. धावपट्टीकडे कुणाचं बोट जात नाही.

ती १९३० मीटरची झाल्यावर एटीआरला भरून जाता येऊ लागलं, आणि एम्ब्रेअर १७५ हे शहात्तर आसनांचं जेट इथे आणणंही शक्य झालं. त्याआधीची, जुन्या पट्टीवरची सुरुवात बघायची तर २०१८ साल आठवा. त्या एप्रिलमध्ये मुंबईसाठी जी सेवा सुरू झाली ती अठरा आसनी विमानाची होती आणि ती टिकली नाही. त्याच वर्षी डिसेंबरात हैदराबाद सुरू झालं, बंगळूर झालं, पुढच्या वर्षी तिरुपती. त्याआधी कित्येक वर्षं नियमित विमान नव्हतंच.

तिरुपतीचं सांगतो, कारण बाहेरच्या माणसाला हा मार्ग चालतो याचंच नवल वाटतं. कोल्हापूरहून तिरुपतीला विमानाने कोण जाणार, असं पुण्यातल्या एका मित्राने मला हसत विचारलं होतं. नवरात्रात तिरुपती देवस्थानकडून अंबाबाईला शालू येतो. बालाजीचं दर्शन घेतलं की कोल्हापूरला येऊन अंबाबाईचं घ्यायचंच, ही तिकडच्या असंख्य कुटुंबांची रीत आहे. ही वर्दळ विमान नव्हतं तेव्हाही होती, रेल्वे आणि बस भरभरून चालत होत्या. विमानाने मागणी निर्माण केली नाही, असलेल्या मागणीला एक वाट दिली. छोट्या विमानतळाचं गणित जुळेल की नाही हे मी तरी यावरूनच ओळखतो. 'विमानतळ झाला की उद्योग येतील, पर्यटक येतील' हे वाक्य भाषणात बरं वाटतं. प्रत्यक्षात आधीपासून रस्त्याने आणि रेल्वेने जाणारी गर्दी कुठून कुठे जाते ते बघावं.

आता टर्मिनल. १० मार्च २०२४ ला पंतप्रधानांनी दूरस्थ पद्धतीने त्याचं उद्घाटन केलं, त्याच दिवशी पुण्याच्या नव्या टर्मिनलचंही झालं. आपलं टर्मिनल देखणं आहे, कोल्हापुरी वळणाच्या कमानी वगैरे. जुनी इमारत लहान होती हे खरं, दोन विमानं पाठोपाठ आली की बसायला जागा नसायची. पण नव्या इमारतीत एकाच वेळी तीनशे प्रवासी मावतात, आणि दिवसातला बराच वेळ ती जवळजवळ मोकळी असते. इमारत मोकळी असली म्हणून खर्च थांबत नाही. वातानुकूलन, सुरक्षा तपासणी, स्वच्छता आणि बाहेर अग्निशमन दल, हे सगळं एका विमानालाही लागतं आणि दहालाही. पुन्हा 'उडान' या छोट्या शहरांसाठीच्या केंद्राच्या सवलत योजनेतल्या विमानांना उतरण्याचं आणि उभं राहण्याचं शुल्क माफ. म्हणजे सुरुवातीची वर्षं विमानतळाला त्या विमानांकडून फारसं काही मिळतच नाही. विमानतळ प्राधिकरणाचे बहुतेक लहान विमानतळ तोट्यात आहेत, आणि मोठ्या विमानतळांच्या कमाईतून ते चालवले जातात. हे लपवून 'फायदाच फायदा' म्हणणाऱ्यांचं मला पटत नाही.

इतर गरजांच्या आधी टर्मिनल का होतं, याचं माझं उत्तर थोडं खवचट आहे. फीत टर्मिनललाच कापता येते. धावपट्टीच्या टोकाला 'रेसा' म्हणून मोकळी सपाट जागा ठेवावी लागते, विमान पट्टी ओलांडून पुढे गेलं तर सावरायला. ती असल्याशिवाय परवाना मिळत नाही, आणि लांबीही कागदावर पुरती धरता येत नाही. त्या मातीच्या पट्ट्याचं उद्घाटन करायला कोणता मंत्री येणार?

आसपासचे विमानतळ पाहिले तर हे आणखी स्पष्ट होतं. सोलापूरचं उदाहरण तुम्हाला माहीत असेल. होटगी रस्त्यावरच्या विमानतळाला दोन किलोमीटरच्या घरातली धावपट्टी होती, विमानं मात्र नव्हती. विमानाच्या वाटेत उभी होती सिद्धेश्वर साखर कारखान्याच्या सहवीजनिर्मिती प्रकल्पाची सुमारे ९० मीटर उंच चिमणी. वर्षानुवर्षं कोर्ट, आंदोलनं, उपोषणं, शेतकरी एका बाजूला आणि शहरातले व्यापारी दुसऱ्या बाजूला. १५ जून २०२३ ला ती चिमणी पाडली. कारखान्याच्या सभासदांचं नुकसान झालं ते झालंच, त्यांचा राग खोटा नव्हता. पण ती पाडल्यावरही विमान लगेच आलं नाही. विमानतळाची दुरुस्ती झाली, सप्टेंबर २०२४ मध्ये उद्घाटन झालं, आणि गोव्याचं पहिलं विमान उडालं ते जून २०२५ मध्ये. मुंबईला त्याच वर्षीच्या ऑक्टोबरात, तेही राज्य सरकारने आसनामागे पैसे देऊ केले तेव्हा. चिमणी गेल्याने विमानतळ वापरण्याजोगा झाला. तो वापरात यायला आणखी दोन वर्षं आणि सरकारी तिजोरी लागली.

नाशिकची गोष्ट याच्या उलटी. ओझरला एचएएल या सरकारी विमान कारखान्याची तीन किलोमीटरची धावपट्टी होती, लढाऊ विमानांसाठी बांधलेली. राज्य सरकारने २०१४ मध्ये तिथे चकचकीत टर्मिनल उभं केलं. त्यानंतर तीन-साडेतीन वर्षं तिथे नियमित विमान नव्हतं. ना धावपट्टीची अडचण, ना इमारतीची. अडचण मुंबईत होती. मुंबईच्या दोन धावपट्ट्या एकमेकींना छेदतात, म्हणून एका वेळी एकच वापरता येते. तिथे उतरण्या-उडण्याच्या वेळा, ज्याला स्लॉट म्हणतात, कधीच शिल्लक नसतात. असली एखादी वेळ, तर कंपनी ती एटीआरच्या सत्तर प्रवाशांवर खर्च करेल की एअरबसच्या १८० वर? कोल्हापूर-मुंबईचं घोडं इतकी वर्षं अडलं त्याचंही मोठं कारण हेच. आपण इकडे कितीही काँक्रीट ओता, तिकडे सकाळी नऊच्या आत पोचण्याची वेळ मिळत नसेल तर एका दिवसात काम उरकून परत येणारा माणूस विमानाने जाणारच नाही, तो रात्रीच्या ट्रॅव्हल्सने जाईल. डिसेंबर २०२५ मध्ये नवी मुंबईचा विमानतळ सुरू झाला. आपल्या विमानतळाच्या दृष्टीने नव्या टर्मिनलपेक्षा हा मोठा बदल आहे असं मी समजतो. अट एकच, तिथल्या वेळा छोट्या शहरांना खरोखर मिळाल्या पाहिजेत.

सिंधुदुर्गातल्या चिपीला तर धावपट्टीही अडीच हजार मीटरची. ऑक्टोबर २०२१ मध्ये मोठ्या थाटात उद्घाटन झालं, मुंबईचं विमान सुरू झालं, आणि उडानच्या सवलतीची तीन वर्षं संपली तसं ते बंद पडलं. मधल्या काळात शेजारी गोव्यात मोपा सुरू झाला होता, चिपीहून दोनेक तासांच्या आत पोचावं इतक्या अंतरावर. सावंतवाडीच्या माणसाला मोपा जवळच पडतो.

हे फक्त आपल्याकडचंच नाही. उडान योजनेवर कॅगचा २०२३चा अहवाल आहे. पहिल्या तीन फेऱ्यांत ७७४ मार्ग दिले गेले, त्यांतले ४०३ सुरूच झाले नाहीत. जे ३७१ सुरू झाले त्यांपैकी सवलतीची तीन वर्षं पूर्ण केली ११२ मार्गांनी. आणि सवलत संपल्यावर मार्च २०२३ पर्यंत तग धरून होते ५४. म्हणजे दिलेल्या शंभर मार्गांतले सात. खर्चाला सरसकट विरोध करणाऱ्यांनी हा आकडा जरूर वापरावा. पण तो मार्गांचा आकडा आहे, विमानतळांचा नाही. एक मार्ग बंद पडून दुसरा सुरू होऊ शकतो, आपल्याकडे तसं झालंही आहे. धावपट्टी तिथेच राहते.

माझ्या कामापुरतं बोलायचं तर कोल्हापूरच्या फाउंड्रींचा माल विमानाने जात नाही, जाणारही नाही. लोखंडी कास्टिंग ट्रकनेच जातं. विमानाने येतो तो माणूस: ग्राहकाच्या कंपनीचा तपासनीस, यंत्र दुरुस्त करणारा इंजिनिअर. पूर्वी हे लोक पुण्याला उतरायचे किंवा बेळगावच्या सांबऱ्याला, आणि तिथून गाडी पाठवावी लागायची. बेळगाव अजूनही आपला खरा प्रतिस्पर्धी आहे, तिथली धावपट्टी २३०० मीटरची आहे. पण दोन तास गाडीत बसणं आणि वीस मिनिटं, यातला फरक नवा ग्राहक धरताना जाणवतो. याचा आकडा मला मांडता येत नाही आणि कुणी मांडला तर मी त्याकडे जरा संशयानेच बघेन.

२०१९च्या पुरात शिरोलीजवळ महामार्ग पाण्याखाली गेला आणि कित्येक दिवस बंद राहिला. गाड्यांच्या रांगा, शहरात पेट्रोल-दुधाची ओढाताण. उजळाईवाडीचा माळ उंचावर आहे, तो कोरडा होता. बाहेरून येणाऱ्या बचाव पथकांना उतरायला तीच जागा होती. तिकीट विक्रीच्या हिशेबात हे कुठेच धरलं जात नाही.

राहिला आपली धावपट्टी २३०० मीटरची करण्याचा प्रश्न. त्यासाठी शेतजमीन गेली, नेर्ली-तामगाव बाजूच्या लोकांचा रोजचा रस्ता वळवावा लागला. एवढं झाल्यावर अर्ध्यात सोडणं चूक ठरेल, तेव्हा पूर्ण करावं. फक्त त्याचं कारण म्हणून 'एअरबस येणार' एवढंच सांगितलं जातं ते मला अपुरं वाटतं. दिवसाला एक मोठं विमान येण्यापेक्षा सकाळी एक आणि संध्याकाळी एक अशी दोन लहान विमानं धंद्याला जास्त उपयोगी. लांबीचा खरा फायदा दिल्लीसारख्या लांबच्या मार्गावर, भर उन्हाळ्यात, पूर्ण इंधन आणि पूर्ण प्रवासी घेऊन उडताना मिळेल. माझ्या हातात असतं तर आधी पावसाळ्यात ढग खाली आल्यावरही विमान उतरवणारी यंत्रणा बसवली असती आणि विमानतळ उघडा ठेवण्याचे तास वाढवले असते. शिर्डीत २०१९ च्या नोव्हेंबर-डिसेंबरात दृश्यमानता कमी म्हणून कित्येक आठवडे उड्डाणं थांबली होती, धावपट्टी अडीच हजार मीटरची असून. आपल्याकडचा जुलै कसा असतो ते तुम्हाला सांगायला नको.

आणि वैभववाडी. ती व्हायलाच हवी, कारखान्याचा माल बंदराकडे न्यायला विमानापेक्षा तिचा उपयोग शंभरपट. पण विमानतळ प्राधिकरणाचा पैसा रेल्वेला वळत नाही, दोन्हींच्या थैल्या वेगळ्या. इथला खर्च थांबवला असता तरी तो रूळ टाकायला आला नसता. स्पर्धा असेल तर ती महामार्गाशी आहे. सातारा-कागल सहापदरीकरण रखडलंय म्हणून पुणे गाठायला पाच-पाच तास लागतात, आणि म्हणून उजळाईवाडीची विमानं भरतात. तो रस्ता एकदाचा झाला की पुण्याचा विमानतळ साडेतीन तासांवर येईल, तिथून हवं तिकडचं विमान मिळेल, भाडंही बहुधा कमी. आपल्या विमानतळाची खरी परीक्षा तेव्हा होईल.