पायथनचं इंडेंट कानाला कळतं का?

प्रश्न : ताई, मी लातूरला बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला आहे, विषय अर्थशास्त्र. मला जन्मापासून दिसत नाही. कॉम्प्युटर एनव्हीडीएवर, म्हणजे पडद्यावरचं वाचून दाखवणाऱ्या स्क्रीन रीडरवर, शिकले. वर्ड, एक्सेल व्यवस्थित येतं, प्रोग्रॅमिंगचा मात्र गंध नाही. इथल्या एका क्लासमध्ये चौकशीला गेले तर सर म्हणाले, ‘‘पायथन तुझ्यासाठी नाही. त्यात ओळीच्या आधी किती जागा सोडली यावर सगळं चालतं, ती तुला दिसणार कशी? सी नाहीतर जावा कर, तिथं कुठली ओळ कशाच्या आत ते महिरपी कंस सांगतात.’’ मैत्रीण म्हणते, क्वोरम नावाची भाषा खास आपल्यासाठीच काढलेली आहे. लॅपटॉप जुना आहे, चार जीबी रॅमचा. सुरुवात कशानं करू?
– एक विद्यार्थिनी, लातूर

उत्तर : पायथननं कर. आणि परत त्या सरांची गाठ पडली तर त्यांना एवढंच सांग, की ज्या एनव्हीडीएवर तू कॉम्प्युटर चालवतेस तो बराचसा पायथनमध्येच लिहिलेला आहे. २००६ साली ऑस्ट्रेलियातल्या मायकल करन यानं तो लिहायला घेतला, पुढे जेम्स टेह त्याला येऊन मिळाला. दोघंही अंध.

सरांनी काढलेली शंका मात्र अगदीच पोकळ नाही. पायथनमध्ये कुठली ओळ कुणाच्या पोटात आहे हे डावीकडच्या मोकळ्या जागेवरून, म्हणजे इंडेंटवरून, ठरतं, आणि एनव्हीडीए नुसता इन्स्टॉल करून सोडला तर ती जागा तो सांगत नाही. सांगायला लावावी लागते. इन्सर्ट, कंट्रोल आणि डी एकदम दाब. डॉक्युमेंट फॉरमॅटिंगची खिडकी उघडेल. तिथं ओळीच्या इंडेंटचा पर्याय आहे: बंद, बोलून, टोननं किंवा दोन्ही. पहिले काही दिवस ‘दोन्ही’ ठेव. मग प्रत्येक वेळी जागा बदलली की ‘फोर स्पेस’, ‘एट स्पेस’ असं ऐकू येईल आणि सोबत एक टोन वाजेल. जागा वाढेल तसा टोन चढतो. एका टॅबला तो चार स्पेसइतका चढतो. कान सरावला की बोलणं बंद करून नुसता टोन ठेव, काम झपाझप होतं.

हे प्रत्यक्षात कसं चालतं ते बघ. समज, सोयाबीनच्या भावांची फाइल घेतलीस आणि रोजचा भाव बेरजेत मिळवत नेणारा एक फॉर लूप, म्हणजे तेच काम पुन्हापुन्हा करणारा तुकडा, लिहिलास. फॉरची ओळ कोलननं संपते. खालचा बाण दाबलास की टोन चढतो, म्हणजे तू लूपच्या आत आलीस. इथं बेरीज होते. पुन्हा खालचा बाण. आता प्रिंटची ओळ, जी शेवटी एकदाच एकूण आकडा दाखवणार आहे. इथं ‘नो इंडेंट’ ऐकू यायला हवं. काहीच वाजलं नाही, तर प्रिंट अजून लूपच्या आतच अडकलाय आणि प्रोग्रॅम चालवल्यावर बेरीज प्रत्येक भावागणिक छापली जाणार. कारण एनव्हीडीए टोन देतो तो जागा बदलली की. तीच राहिली तर गप्प बसतो. ही शांतता ऐकायला शीक, अर्धं इंडेंट त्यातच आहे. मधे रिकामी ओळ आली की फसगत होते, टोन उगाच उतरतो नि परत चढतो. नव्या आवृत्त्यांत रिकाम्या ओळी वगळायचा पर्याय त्याच खिडकीत दिलाय, तो चालू करून टाक.

आता कंसांकडे वळू, कारण ‘कंस असले की सोपं’ हे मला डोळसांनीच इतक्यांदा ऐकवलंय की हसू येतं. जावाचा जरा लांब प्रोग्रॅम घे. लूपच्या आत इफ (म्हणजे अट), त्याच्या आत आणखी एक इफ. शेवटाला पोचलीस की कानावर येतं: ‘राइट ब्रेस’, ‘राइट ब्रेस’, ‘राइट ब्रेस’. यातला कुठला कुणाचा? प्रत्येक वेळी बोटं मोडून मोजायचं. डोळस माणूसही तिथं कंस मोजत बसत नाही. तो डावीकडचा समास बघतो, म्हणजे शेवटी इंडेंटच वाचतो. फरक एवढाच, की जावात ते चुकलं तरी प्रोग्रॅम चालतो, त्यामुळे लोक निष्काळजी असतात आणि दुसऱ्याचा कोड ऐकताना टोन एक सांगतो नि कंस दुसरंच. पायथनमध्ये इंडेंट खोटं बोलूच शकत नाही. ऐकून काम करणाऱ्याला ही सोय आहे, अडचण नव्हे. (कंसप्रेमींची पायथनवाल्यांनी थट्टाही करून ठेवली आहे. कंस चालू करायची आज्ञा म्हणून ‘फ्रॉम फ्यूचर इम्पोर्ट ब्रेसेस’ लिहून बघ. उत्तर येतं, ‘नॉट अ चान्स’. फ्यूचरच्या दोन्ही बाजूंना दोन-दोन अंडरस्कोअर लागतात.)

एक पथ्य पाळ: टॅब तर टॅब, स्पेस तर स्पेस. एकाच लूपच्या पोटात दोन्हींची खिचडी केलीस तर पायथन टॅबएरर देऊन थांबतो. सर्वसाधारण रीत चार स्पेसची आहे. एडिटरला, म्हणजे कोड जिथं लिहितात त्या प्रोग्रॅमला, एकदा सांगून ठेवलं की टॅब दाबल्यावर तोच चार स्पेस घालतो.

खरी अडचण भाषेत नसते, भाषेभोवतीच्या सामानात असते, आणि क्लासवाल्यांना नेमकं तेच ठाऊक नसतं. पायथनबरोबर आयडल नावाचा एडिटर येतो, क्लासमध्ये पहिल्या दिवशी तोच उघडतात. त्यात स्क्रीन रीडरच्या हाती काही लागत नाही, कारण तो टीके-इंटर नावाच्या खिडक्यांवर उभा आहे आणि त्या स्क्रीन रीडरला वाचता येत नाहीत. असल्या एडिटरपुढे बसवून ‘हिला पायथन जमत नाही’ म्हणणं म्हणजे खोलीला कुलूप लावून पाहुण्याला उशिरा आलास म्हणण्यासारखं आहे. तुझ्या चार जीबीत नोटपॅड प्लस प्लस हलका पडेल. व्हीएस कोड थोडा जड आहे, पण चालला तर तोच वापर: एफ-८ दाबलं की पुढच्या चुकीवर नेतो, आणि ऑल्ट-एफ-१ ला तुझ्यासारखीसाठीच लिहिलेली मदत आहे. प्रोग्रॅम कमांड प्रॉम्प्टमधून चालव. चूक आली की ओळींचा ढीग वाचला जाईल. तो वरून ऐकत बसू नको. शेवटची ओळ आधी ऐक, चूक काय ते तिथं असतं. त्याच्या थोडं वर ओळीचा नंबर. एडिटरमध्ये कंट्रोल-जी, नंबर, एंटर. पोचलीस.

विरामचिन्हांचं राहिलंच. इन्सर्ट-पी दाबत गेलं की एनव्हीडीए ती किती वाचायची ते बदलतं. कोडसाठी ‘ऑल’ हवं. पण मग मराठी बातम्या वाचतानाही प्रत्येक स्वल्पविराम डोक्यात जाईल. म्हणून इन्सर्ट-कंट्रोल-पी दाबून एडिटरपुरतं वेगळं प्रोफाइल बनव: इंग्रजी आवाज, सगळी चिन्हं, इंडेंटचा टोन. एडिटरबाहेर आलीस की तुझा नेहमीचा मराठी आवाज आपोआप परत.

कोड निव्वळ बोलण्यापेक्षा अधिक काही कानाला देऊ शकतो, ही कल्पना नवी नाही आणि तिचा धागा पुण्याशी जुळतो. टी. व्ही. रामन पुण्यात जन्मले, चौदाव्या वर्षी काचबिंदूनं दृष्टी गेली, पुण्यातच गणित शिकले, मग आयआयटी मुंबई आणि पुढे कॉर्नेलची पीएच.डी. ईमॅक्स या एडिटरला बोलतं करणाऱ्या, त्यांनी १९९५ साली काढलेल्या ईमॅकस्पीकमध्ये कॉमेंट (कोडमधल्या माणसांसाठीच्या टिपा) एका आवाजात आणि कोड दुसऱ्या आवाजात ऐकू येतो. ते आत्ता शिकायला घेऊ नको, डोकं उठेल. नाव तेवढं लक्षात ठेव.

क्वोरमबद्दल मैत्रिणीचं बरोबर आहे. अमेरिकेतले प्राध्यापक अँड्रियास स्टेफिक यांनी ती अंध मुलं डोळ्यांसमोर ठेवून बनवली. महिरपी कंस नाहीत, सेमीकोलन नाहीत. ‘रिपीट टेन टाइम्स’ म्हणायचं आणि शेवटी ‘एंड’. ‘से’ लिहिलं की कॉम्प्युटर बोलतो. गोड भाषा आहे. पण अडलीस तर लातुरात विचारणार कुणाला? पायथनला गल्लीत एक तरी पोरगं सापडतं.

तू अर्थशास्त्राची, म्हणून दोन गोष्टी. पायथनच्या पांडाज या तक्ते हाताळायच्या लायब्ररीत लांबलचक तक्ते स्क्रीनवर छापत बसू नको. सीएसव्ही फाइलमध्ये काढ आणि एक्सेलमध्ये घरागणिक वाच, ते तुला येतंच. आणि एम.ए.ला संख्याशास्त्र गळ्यात पडलं तर आर भाषेकडे बघ. न्यूझीलंडच्या मॅसी विद्यापीठातले अंध संख्याशास्त्रज्ञ जॉनथन गॉडफ्री यांनी तिच्यासाठी ब्रेलआर हे पॅकेज लिहिलंय; ते आलेखाचं शब्दांत वर्णन करून देतं.

प्रश्न : माझा मुलगा सहावीत आहे, त्याला अजिबात दिसत नाही. शाळेत स्क्रॅच शिकवतात. बाई म्हणतात, ‘‘तो नुसता बसू दे, मार्क देऊ.’’ काय करावं?
– एक पालक, कोल्हापूर

उत्तर : मार्क नकोत, काम हवं असं बाईंना नम्रपणे सांगा. स्क्रॅचमध्ये माउसनं ठोकळे ओढायचे असतात, ते स्क्रीन रीडरवर जमण्यासारखं नाही. तिथं मुलाचा काही दोष नाही. हातानं जोडायचे खरेखुरे ठोकळे असलेला कोड जंपर नावाचा संच मायक्रोसॉफ्टच्या केंब्रिजच्या प्रयोगशाळेत तयार झाला, पण तो महाग आहे. शाळेनं घेतला तर उत्तम, तुम्ही खिशाला खार लावू नका. वर सांगितलेली क्वोरम मात्र फुकट आहे आणि या वयाला शोभते. इतर मुलं स्क्रॅचमधलं मांजर दहा पावलं चालवतील तेव्हा हा ‘रिपीट टेन टाइम्स’ लिहून कॉम्प्युटरला दहादा स्वतःचं नाव घ्यायला लावेल. लूप तोच, परीक्षाही तीच घेता येईल. बाईंना पटलं नाही तर मुंबईच्या सेंट झेवियर्स कॉलेजमधलं एक्सआरसीव्हीसी हे केंद्र दृष्टिहीन विद्यार्थ्यांच्या शिक्षणावरच काम करतं. बाईंनी तिथं विचारून घ्यावं, असं सुचवा. आणि टाइपिंग आजपासून सुरू करा. दोन्ही हातांनी, सगळ्या बोटांनी. भाषा कुठलीही निवडा, त्यावाचून गाडी हलत नाही.