म्यूऑन हा हवेत उंचावर जन्मणारा, क्षणभरच जगणारा कण. त्यातले किती जमिनीपर्यंत टिकतात या गणितात टाइम डायलेशन (धावतं घड्याळ मंद चालणं) आणि लेंथ कॉन्ट्रॅक्शन (धावत्या वस्तूची लांबी घटणं) दोन्ही लावायचे का? माझं उत्तर ८०% येतंय, पुस्तकात १०% आहे.

दोन्ही लावलेत म्हणूनच ८० आलं. एका फ्रेममध्ये, म्हणजे एकाच निरीक्षकाच्या जागी, बसलात की एकच लागतं. पुण्यातल्या क्लासेसमध्ये ‘वेळ वाढतो, लांबी घटते’ एवढं घोकून घेतात आणि पोरं दोन्हीकडे गॅमा (वेळ किती पट ताणला, लांबी किती पट घटली तो आकडा) कोंबतात.

तुमचाच म्यूऑन घ्या. उंची १५ किमी, वेग प्रकाशाच्या ०.९९५ पट, सरासरी आयुष्य २.२ मायक्रोसेकंद, म्हणजे गॅमा १०. जमिनीवरून बघितलं तर अंतर १५ किमीच, प्रवासाला ५० मायक्रोसेकंद, पण आयुष्य ताणून २२. झाली २.३ आयुष्यं, १०% शिल्लक. आता म्यूऑनवर बसा. आयुष्य २.२च, पण हवेचा थर दीड किमीचा, तो ५ मायक्रोसेकंदांत सरतो. पुन्हा २.३. तुम्ही आयुष्य २२ धरलंत आणि अंतर दीड किमी. ०.२३ आयुष्यात कोण मरणार?

कुठे काय लावायचं ते सूत्राकडे बघून कळत नाही. आधी दोन घटना लिहा: म्यूऑन जन्मला, म्यूऑन जमिनीला टेकला. दोन्हीकडे हजर असलेलं एकच घड्याळ म्यूऑनचं, तेच सगळ्यात कमी वेळ दाखवणार.

आणि ‘लांबी नुसती कमी भासते’ म्हणणाऱ्यांशी माझं कधीच जमलं नाही. धावती गाडी मोजायची तर शिवाजीनगरच्या फलाटावर दोघांनी एकाच क्षणी खडूने खुणा करायच्या, एक इंजिनापाशी, एक गार्डाच्या डब्यापाशी. डब्यातला प्रवासी म्हणणार, ‘इंजिनाकडची आधी केलीत, तोवर फलाट मागे सरकला, मग गार्डाकडची केलीत.’ खोटं कुणीच बोलत नाही, ‘एकाच क्षणी’ हेच दोघांचं वेगळं आहे. यात डोळ्यांचा काही संबंध नाही. फोटोत काय दिसेल हा निराळा विषय, तिथे प्रकाश पोचायला लागणारा वेळही धरावा लागतो. ताशी १०० किमीने धावणारी ४०० मीटरची गाडी मात्र अणूच्या पन्नासाव्या भागाइतकीही आखडत नाही, तेव्हा खडू आणि गाडी दोन्ही कल्पनेतच ठेवा.

हो, एक राहिलं. गॅमा १० चा म्यूऑन खरं तर जमिनीवर पोचतच नाही. त्याची ऊर्जा जेमतेम १ अब्ज इलेक्ट्रॉनव्होल्ट, आणि तेवढी हवा ओलांडायला दोनेक अब्ज खर्च होतात. पुस्तकातलं गणित ही झीज धरत नाही. जमिनीवर सापडतात त्या म्यूऑनची सरासरी ऊर्जा ४ अब्जच्या आसपास असते.