जे मोडायचं ते घराजवळ मोडू दे

प्रिय पोरी,

रविवारी तू गेलीस आणि तुझ्या गाडीच्या कामांचा कागद माझ्या टेबलावरच राहिला. दोन्ही बाजूंनी लिहिलेला, तीन रंगांच्या शाईत. कुर्ल्याच्या सीएसटी रोडवरच्या दुकानदाराने सुचवलेला ॲल्युमिनियमचा मोठा रेडिएटर, कुणा मित्राने सांगितलेला हवेचा ओपन फिल्टर, मोठी अलॉय चाकं, गाडी खाली बसवणाऱ्या स्प्रिंगा. तळाशी दोनदा अधोरेखित केलेलं: 20 डिसेंबर, मुंबई ते जैसलमेर. आज नोव्हेंबरची 29 तारीख. "काका, यातलं आधी काय करू?" असं तू विचारलंस तेव्हा घरात माणसं होती, म्हणून नीट बोललो नाही. आता बोलतो.

आधी ती तारीख खोड.

रजा मंजूर झाली आहे, हॉटेलचे पैसे भरले आहेत, सगळं ऐकलं मी. तरी खोड. जानेवारीच्या शेवटी जा, फेब्रुवारीत जा. मार्च उलटला की मात्र या वर्षी नाव काढू नकोस. त्याच पट्ट्यातल्या फलोदीला 19 मे 2016 रोजी 51 अंश तापमान नोंदलं गेलं आहे. फेब्रुवारीपर्यंत तुझ्या हातात जे दोन-अडीच महिने येतील, ते मला हवे आहेत. कारण जे मोडायचं ते घराजवळ मोडू दे. गाडीला लावलेली प्रत्येक नवी वस्तू, मग ती दहा रुपयांची क्लिप का असेना, निघण्याआधी हजार किलोमीटर चाललेली असली पाहिजे.

1994च्या डिसेंबरात मी आणि माझा मित्र माझ्या दोन दारांच्या जुन्या हेराल्ड गाडीतून जैसलमेरच्या वाटेने निघालो. आदल्या संध्याकाळी गॅरेजमधून गाडी आणली होती. नवा वॉटर पंप, पाण्याचे नवे रबरी होज, ते आवळणाऱ्या नव्या क्लिपा. नवं रबर दोन-चारदा तापून थंड झालं की जरा बसतं आणि क्लिप पुन्हा आवळावी लागते, हे ना मिस्त्रीने सांगितलं, ना मी विचारलं. अहमदाबाद गेलं, सांचोर गेलं. बाडमेरच्या पुढे टेम्परेचरचा काटा चढला आणि मग हळूहळू खाली आला. मला वाटलं, गार वाऱ्याने इंजिन निवलं. मित्र म्हणाला, थांब, बघू. मी थांबलो नाही. खालचा होज निसटला होता, पाणी सगळं रस्त्यावर गेलं होतं, आणि सेन्सरभोवती पाणीच नसल्यावर काटा दाखवणार काय? काटा चढला तर थांबायचंच. पण उगाच खाली आला तर त्याहून लवकर थांबायचं. हेराल्डचं अख्खं नाक पुढे उलटून उघडतं. ते उघडलं तेव्हा इंजिनाचं हेड वाकलं होतं, गॅस्केट गेलं होतं. गाडी ट्रकवर चढवली आणि आम्ही दोघं रेल्वेने परत आलो. दादरला उतरेपर्यंत तो माझ्याशी त्याबद्दल एक शब्द बोलला नाही.

तीच क्लिप कसाऱ्याच्या घाटात निसटली असती तर अर्ध्या तासाचं काम होतं.

आता तुझ्या कागदाकडे येतो. मोठा रेडिएटर का हवा? तर सायनच्या सिग्नलला काटा चढतो म्हणून. पोरी, तुझी स्टॉर्म, छत उघडणारी छोटी गाडी, गोव्यात बनलेली, फायबरग्लासच्या अंगाची. पत्र्याच्या गाडीत करंट बॉडीतूनच बॅटरीकडे परततो. तुझ्याकडे ती वाटच नाही. प्रत्येक दिव्याची, पंख्याची अर्थिंगची वायर वेगळी ओढलेली असते. मुंबईच्या खाऱ्या हवेत इतकी वर्षं काढलेल्या त्या जोडांवर हिरवं चढलेलं असणार. मग पंख्याला पुरता करंट मिळत नाही, तो फिरतो पण रेंगाळत फिरतो, आणि दोष लागतो रेडिएटरला. पंखा चालू असताना व्होल्टमीटरचं एक टोक त्याच्या अर्थिंगला आणि दुसरं बॅटरीच्या निगेटिव्हला लाव. अर्ध्या व्होल्टच्या वर काही दिसलं तर जोड उघड, सॅंडपेपरने घास, ग्रीस लावून आवळ. हे काम दुकानदार सांगणार नाही, कारण यात विकण्यासारखं काही नाही.

मग आहे तोच रेडिएटर उतरवून आतून साफ करून घे. जाळी बाहेरून धुताना पाणी इंजिनाच्या बाजूने मार. झाकण नवं घे. झाकणाच्या स्प्रिंगमुळे आत दाब राहतो, म्हणून पाणी शंभर अंशांवर गेलं तरी उकळत नाही; ती स्प्रिंग सैल पडली की कितीही मोठा रेडिएटर निरुपयोगी. कूलंट आणि डिस्टिल्ड वॉटर निम्मं-निम्मं. कुणी म्हणेल, थर्मोस्टॅट, म्हणजे इंजिन तापल्यावरच पाणी रेडिएटरकडे सोडणारी झडप, काढून टाका, गाडी गार राहील. त्याच्याकडून गाडी परत घेऊन ये.

होज सगळे बदल, पेट्रोलचेही. आता पंपावरच्या पेट्रोलमध्ये 20 टक्के इथेनॉल येतं आणि तुझ्या गाडीतलं जुनं रबर त्यासाठी बनलेलं नाही. इंजिनाचा टायमिंग बेल्ट कधी बदलला याची पावती नसेल तर तो जुना धर, त्याला ताणून धरणाऱ्या टेन्शनरसकट बदल. ब्रेक ऑइल हवेतली ओल पितं, आणि आपल्या पावसाळ्यात तर भरपूर पितं. तेही नवं भर. टायरच्या कडेवर चार आकडे असतात, 2319 म्हणजे 2019चा तेविसावा आठवडा. नक्षी कितीही चांगली दिसो, सहा-सात वर्षांवरचे टायर उतरव. हवा सकाळी टायर थंड असताना भर. दुपारी दाब वाढलेला दिसला म्हणून सोडू नकोस, कमी हवेचा टायर जास्त तापतो.

ओपन फिल्टर, अलॉय, स्प्रिंगा: नाही. ओपन फिल्टर बोनेटखालची गरम हवा ओढेल. कंपनीचा कागदी फिल्टर राहू दे, जोडीला एक नवा घे, तिकडची वाळू पिठासारखी बारीक असते. आणि इतकी खाली बसलेली गाडी आणखी खाली बसवून जैसलमेरजवळच्या सम गावाच्या वाळूच्या रस्त्यावर न्यायची? यावर मी जास्त लिहीत नाही.

कागदपत्रांचं तू बघतेसच. पंधरा वर्षांवरची गाडी, आरसीचं पाच वर्षांचं नूतनीकरण संपत आलेलं नाही ना, एवढं पाहा.

आणि मग हजार किलोमीटर. एकदा नाशिक, कसाऱ्यावरून. एकदा अलिबाग. एकदा महाबळेश्वर, सामान आणि मैत्रीण दोन्ही बरोबर घेऊन. प्रत्येक फेरीनंतर दुसऱ्या दिवशी सकाळी, गाडी थंड असताना, सगळ्या क्लिपा पुन्हा आवळ. खाली पुठ्ठा पसरून रात्रभर गाडी उभी कर आणि सकाळी काय टपकलं ते बघ. दुपारी दोन वाजता सायनला मुद्दाम अडक. जे मोडायचं ते तिथे मोडू दे.

आता जे सांगतो ते फार कुणाला सांगितलेलं नाही. त्या डिसेंबरनंतर मित्र दर वर्षी विचारायचा, जायचं का? आणि दर वर्षी मी म्हणायचो, गाडी तयार नाही. लोक म्हणाले मी घाबरलो. मी घाबरलो नव्हतो. हजार किलोमीटरचा नियम मी तेव्हाच केला आणि तो बरोबरच होता, आजही बरोबर आहे. पण दर पावसाळ्यानंतर मी काहीतरी नवं बसवायचो. एका वर्षी कार्बोरेटर, एका वर्षी डायनॅमो काढून अल्टरनेटर. नवी वस्तू लागली की मोजणी पुन्हा शून्यावर. 1999च्या जुलैत तो गेला. हृदयविकाराने, कामावर असताना. 2003मध्ये मी एकटा जैसलमेरच्याही पुढे, सीमेजवळच्या तनोटला जाऊन आलो. जाता-येता गाडीचा एक स्क्रू हलला नाही. शेजारची सीट रिकामी होती.

म्हणून 5 जानेवारी ही तारीख मी ठरवतो, तू नाही. त्या दिवसानंतर गाडीला नवं काही लागणार नाही. कुणी फुकट दिलं तरी नाही. माझ्यासारखं आणखी एका सुधारणेपायी वर्ष घालवू नकोस, आणि तू घालवायला लागलीस तर मी येऊन हातातला पाना काढून घेईन.

दिवसा छत बंद ठेव. दहा लिटर पिण्याचं पाणी वेगळं, त्याला गाडीसाठी हात लावायचा नाही. तनोटकडे जाताना रामगड सोडण्याआधी टाकी भर, पुढे पंप नाही असं धरूनच चाल.

या रविवारी सकाळी सहाला गाडी घेऊन दादरला ये, व्होल्टमीटर माझ्याकडे आहे. आणि जे होज, जो बेल्ट चालू स्थितीत उतरवशील ते गॅरेजमध्ये सोडून येऊ नकोस. पिशवीत भरून स्टेपनीशेजारी ठेव. ते चाललेले आहेत.

तुझा,
काका