जाती की प्रजाती?

प्रश्न असा आहे: मुलीच्या शाळेच्या पुस्तकात माणसाची प्रजाती होमो आणि जाती सेपियन्स असं दिलंय, पण पेपरात 'पालीची नवी प्रजाती सापडली' असं वाचायला मिळतं. बरोबर कोण?

पुस्तक. मराठी परिभाषेत प्रजाती ही वरची पायरी, तिच्या पोटात अनेक जाती. पेपरातली 'प्रजाती' हिंदीतून आली. तिकडे आपल्या जातीलाच प्रजाति म्हणतात. 'जात' शब्दाला चिकटलेला सामाजिक अर्थ नको, म्हणूनही उपसंपादक बिचकत असावेत.

खरा घोळ बोलीतल्या 'जाती'चा आहे. हापूस, पायरी, नीलम या आंब्याच्या जाती असं आपण सर्रास म्हणतो. जीवशास्त्राच्या लेखी ते एकाच जातीचे वाण. दापोलीच्या कृषी विद्यापीठाने नीलम आणि हापूसच्या संकरातून 'रत्ना' काढला, मग रत्नाचा पुन्हा हापूसशी संकर करून पातळ कोयीचा 'सिंधू'. म्हणजे संकराचीही वेल पुढे वाढली. घोडा-गाढवाचं तसं नाही. घोड्याची गुणसूत्रं 64, गाढवाची 62, खेचराच्या वाट्याला 63. त्यांच्या जोड्या नीट लागत नाहीत, म्हणून खेचर सहसा वांझच. जीवशास्त्रज्ञ अर्न्स्ट मायर यांनी 1942 मध्ये मांडलेली व्याख्या हीच: निसर्गात ज्यांची आपसात वीण होते आणि इतरांशी होत नाही, ती एक जाती. (जीवाणू आणि जीवाश्मांपुढे ही व्याख्या हात टेकते. जीवाणू नुसते दुभंगतात आणि जीवाश्मांची वीण कोण बघणार?)

गंमत म्हणजे जातीसाठी इंग्रजांनी घेतलेला लॅटिन शब्द 'स्पीशीज' हा 'बघणे' या धातूवरून आलाय, म्हणजे मुळात रूप. आपला 'जाती' जन् धातूचा, जन्माशी बांधलेला. मायरच्या व्याख्येला आपलाच शब्द जवळचा, असं माझं मत.

नवी जाती होते कशी, यासाठी 'जातिउद्भव' हा शब्द आहे. पश्चिम घाटातल्या उंचावरच्या शोला जंगलात (म्हणजे डोंगरमाथ्याजवळच्या बुटक्या सदाहरित रानात) एक लहानसा निळसर पक्षी राहतो. मध्ये पालघाटची खिंड, सखल आणि गरम. ती ओलांडणं या पक्ष्याला जमत नाही. उत्तरेचे उत्तरेत, दक्षिणेचे दक्षिणेत, लाखो वर्षं सोयरीक बंद. दोन्हीकडे बारीकसारीक बदल वेगवेगळे साठत गेले आणि आज निलगिरीतली जाती वेगळी, खिंडीच्या दक्षिणेची वेगळी. 2017 मध्ये या पक्ष्यांसाठी 'शोलिकोला' असं नवं नाव मुक्रर झालं. ती मात्र खरोखरच नवी प्रजाती. तेव्हा तसं छापलं असतं तर चूक नव्हती.

एरवी 'नवी जाती' लिहावं. 'नवी जात सापडली' म्हटलं तर लोक आडनाव विचारतील.